कासवाच्या टाकीतले पाणी: नितळ वेगळे, स्वच्छ वेगळे

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सकाळी नळाला पाणी आले की शेजारच्या बेन जिन्यातूनच विचारत, ‘काचबानुं पाणी बदल्युं?’ (कासवाचे पाणी बदलले का?) पहिले वर्षभर माझे उत्तर रोज ‘हो’ असेच होते, आणि नेमकी तीच माझी चूक होती. रोज टाकी रिकामी करून, घासून, पुन्हा भरून ठेवली, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणी धुरकट होई आणि दिवाणखान्यात ओल्या फडक्यासारखा वास येई. पुढे पाणी बदलणे कमी केले, योग्य फिल्टर बसवला, खाऊ घालण्याची पद्धत बदलली, आणि मगच पाणी आठवडाभर नितळ राहू लागले. हा सगळा क्रम का आणि कसा करावा, ते येथे सविस्तर सांगतो.

सुरुवातीला एक खुलासा. हे मार्गदर्शन दुकानांत मिळणाऱ्या, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेल्या ‘रेड इअर्ड स्लायडर’ या परदेशी जातीच्या पाणकासवासाठी आहे. ही जात मूळची अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. इथल्या विश्वामित्री नदीत किंवा आसपासच्या तळ्यांत दिसणारी देशी कासवे ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून ती घरी पाळणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात एखादे कासव अंगणात आलेच, तर त्याला टाकीत न ठेवता वनखात्याला कळवावे.

कासवाचे पाणी इतक्या लवकर का बिघडते

मासे पाळण्याचा अनुभव असलेली माणसे कासवाच्या बाबतीत हमखास फसतात, कारण त्यांचा सगळा अंदाज माशांच्या घाणीवर बेतलेला असतो. कासव अन्न पाण्यातच खाते, ते गिळण्यापूर्वी पंजांनी आणि जबड्याने फाडते, त्याचे कण चहूकडे उडवते आणि त्याच पाण्यात मलमूत्र टाकते. तळहाताएवढे कासवसुद्धा त्याच टाकीत मावणाऱ्या माशांच्या मानाने कितीतरी अधिक घाण करते. शिवाय वाढत्या कासवाच्या पाठीवरच्या खवल्यांचे पातळ, पारदर्शक पापुद्रे अधूनमधून गळतात आणि ते फिल्टरच्या तोंडाशी जाऊन अडकतात.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. मासा पाण्यातच श्वास घेतो, त्यामुळे पाणी बिघडले की तो वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करू लागतो आणि आपल्याला सूचना मिळते. कासव फुप्फुसांनी हवेतला श्वास घेते. पाणी विषारी होत चालले तरी ते दिवसेंदिवस तग धरून राहते, खाते, पोहते आणि सगळे आलबेल असल्यासारखे दिसते. मग एक दिवस डोळे सुजतात, त्वचेवर पांढुरके चट्टे दिसतात किंवा कवचावर मऊ, दुर्गंधी येणारा डाग पडतो, आणि तोवर बराच उशीर झालेला असतो. (डोळे सुजण्यामागे अ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, निदान प्राण्यांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.)

म्हणून या लेखात मी ‘नितळ’ आणि ‘स्वच्छ’ हे दोन शब्द वेगळे वापरणार आहे. नितळपणा डोळ्यांना दिसतो, स्वच्छता दिसत नाही. कासवाच्या मलमूत्रातून आणि सडणाऱ्या अन्नातून अमोनिया तयार होतो, त्याला रंग नसतो, आणि आरशासारख्या पाण्यातही तो घातक प्रमाणात असू शकतो. या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे पुढे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करण्याचे काम विशिष्ट जिवाणू करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर फिल्टरचा स्पंज, चिनीमातीच्या सच्छिद्र नळ्या, दगड आणि काच यांच्या पृष्ठभागाला चिकटून वाढतात, आणि त्यांना सतत वाहते, प्राणवायूयुक्त पाणी लागते. नव्या टाकीत त्यांची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी रोज टाकी घासत होतो तेव्हा घाणीबरोबर ही वसाहतही रोज मोरीत वाहून जात होती, आणि उरलेल्या वेळात पाण्याचा सांभाळ करणारे कोणीच शिल्लक राहत नव्हते.

टाकी किती मोठी हवी

कासव पाळणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा प्रचलित आहे: कवचाच्या लांबीच्या दर अडीच सेंटिमीटरमागे सुमारे ४० लिटर पाणी. म्हणजे १५ सेंटिमीटर कवचाच्या कासवाला जवळपास २४० लिटर. हा आकडा ऐकून घरची मंडळी भुवया उंचावतात, कारण दुकानात हेच कासव प्लॅस्टिकच्या नारळाच्या झाडासकट एका थाळीएवढ्या डब्यात मिळालेले असते. आम्हालाही एका दुकानदाराने ‘हे एवढेच राहते’ असे छातीठोकपणे सांगितले होते. ते एवढे राहत नाही. या जातीची मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर वीस-तीस वर्षे सोबत करते.

टाकीतले पाणी मोजायचे तर लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १००० ने भागावे. १२० बाय ५० च्या टाकीत ४० सेंटिमीटर पाणी भरले की २४० लिटर होतात. त्यांचे वजन २४० किलो, वर काच, दगड आणि मांडणी वेगळी. म्हणून जुन्या वाड्यातल्या लाकडी माळ्यावर किंवा दिवाणखान्यातल्या शोभेच्या टेबलावर अशी टाकी ठेवू नये. भिंतीलगत, भक्कम लोखंडी स्टँडवर आणि खिडकीतून थेट ऊन पडणार नाही अशा जागी ती असावी. ऊन कासवाला हवेच, परंतु ते काचेतून नव्हे, कारण कासवाला आवश्यक असलेले अतिनील किरण काच अडवते. काचेतून आलेल्या उन्हाचा फायदा फक्त शेवाळाला होतो. ऊन खाण्यासाठी कासवाला पूर्ण कोरडे बसता येईल असा कट्टा आणि त्यावर योग्य दिवा द्यावा, किंवा देखरेखीखाली गच्चीवर न्यावे, मात्र तेथेही सावलीचा कोपरा ठेवावा.

पाणी जितके अधिक, तितके ते सावकाश बिघडते. कासव बुडेल या भीतीने पुष्कळ जण टाकीत चार बोटे पाणी ठेवतात. ही जात पट्टीची पोहणारी आहे. चढून बसायला जागा असली की खोल पाण्याची काहीच भीती नाही.

तळाशी बारीक खडी किंवा वाळू घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खडीच्या फटींत विष्ठा आणि अन्न जाऊन बसते, तिथे प्राणवायू पोचत नाही, काही आठवड्यांनी ती हलवली की सडलेल्या अंड्यासारखा वास येतो. आणि बारीक खडे कासव गिळते ते वेगळेच. तळ मोकळा ठेवावा किंवा कासवाच्या डोक्याहून मोठे, गुळगुळीत असे मोजके नदीतले गोटे ठेवावेत.

फिल्टर

फिल्टर निवडताना डब्यावर ‘२०० लिटरच्या टाकीसाठी’ असे लिहिलेले असले तरी तो आकडा माशांचा आहे हे ध्यानात ठेवावे. कासवासाठी टाकीतल्या पाण्याच्या दुप्पट ते तिप्पट क्षमतेचा फिल्टर घ्यावा. पंप एका तासात किती लिटर पाणी फिरवतो हेही पाहावे. २४० लिटर पाण्यासाठी तासाला हजार-बाराशे लिटर हा प्रवाह चांगला. स्पंज भरत आला की प्रत्यक्ष प्रवाह छापील आकड्यापेक्षा बराच घटतो, म्हणून काठावरचे गणित करू नये.

लहान टाकीत पाण्यात बुडवून ठेवायचा अंतर्गत फिल्टर चालतो. कासव बारा-पंधरा सेंटिमीटरचे झाले की मात्र टाकीबाहेर खाली ठेवायचा बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर घेणेच श्रेयस्कर. तो महाग असतो, परंतु त्यात स्पंज आणि चिनीमातीच्या नळ्या भरायला भरपूर जागा मिळते. हाताने काम करण्याची आवड असेल तर प्लॅस्टिकच्या एकावर एक ठेवलेल्या डब्यांत स्पंज आणि नळ्या भरून, वरून पंपाने पाणी सोडून तेच काम स्वस्तात साधता येते; माझ्या भाच्याने असा फिल्टर केला आहे आणि तो उत्तम चालतो, फक्त रात्री पाण्याचा खळखळाट ऐकू येतो.

पाणी आधी जाड स्पंजातून, मग बारीक स्पंजातून आणि शेवटी नळ्यांतून जाईल असा क्रम लावावा, म्हणजे नळ्यांवरच्या जिवाणूंवर गाळ साचत नाही. सक्रिय कोळशाची पिशवी वास आणि पिवळट छटा घालवते, पण काही आठवड्यांत तिची शक्ती संपते. ती ऐच्छिक आहे. फिल्टर दिवसरात्र चालू ठेवावा. वीज वाचवण्यासाठी तो रात्री बंद ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांचीच ‘फिल्टर असूनही पाणी घाण होते’ अशी तक्रार असते.

टाकीत घालायचे पाणी

बडोद्याला आजवा सरोवरातून आणि मही नदीतल्या विहिरींतून पाणी येते आणि ते क्लोरीन घालूनच नळाला सोडले जाते. क्लोरीनने कासव लगेच आजारी पडत नाही, मात्र त्याच्या डोळ्यांना त्रास होतो आणि फिल्टरमधले जिवाणू मरतात. उघड्या तोंडाच्या पिंपात किंवा बादल्यांत २४ तास पाणी भरून ठेवले की बराचसा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे द्रव्य बाटलीवरच्या प्रमाणात घालावे. त्याच्या खडेरूपातल्या साध्या प्रकाराला दुकानदार ‘हायपो’ म्हणतात. शिळे पाणी ठेवण्याचा दुसरा फायदा असा की त्याचे तापमान टाकीतल्या पाण्याच्या जवळ येते.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आले की आपल्याकडे त्यात तुरटी फिरवण्याची जुनी रीत आहे. पिण्याच्या हंड्यात ती ठीक आहे, कासवाच्या टाकीत मात्र तुरटी कधीही फिरवू नये. तुरटीने मातीचे कण खाली बसतात आणि पाणी पाहता पाहता नितळ होते हे खरे, पण अमोनिया जसाच्या तसा राहतो, आणि पाणी आम्लधर्मी होऊन जिवाणूंचे काम मंदावते. गढूळ पाणी बादलीत दोन दिवस स्थिर ठेवावे आणि वरचे निवळलेले पाणीच घ्यावे.

बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो, ही त्याची जमेची बाजू. ते जड असते, काचेवर पाण्याच्या रेषेशी पांढरा थर धरते, कासवाच्या कवचावरही वाळल्यावर पांढुरके ठिपके दिसतात. हे बुरशीचे ठिपके नव्हेत, क्षाराचे असतात. ओले केल्यावर दिसेनासे झाले तर चिंता नको. काचेवरचा थर रिकाम्या भागात पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने निघतो, नंतर साध्या पाण्याने पुसावे.

उन्हाळ्यात आणखी एक भ्रम होतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो तेव्हा टाकीतले पाणी झपाट्याने आटते आणि आपण वरून भरत राहतो. त्यामुळे पाणी बदलतच आहोत असे वाटू लागते. वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात आणि भर घातल्यावर साठतच जातात. आटलेल्याची भरपाई आणि पाणी बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. याच दिवसांत पाणी गरम असल्याने अमोनियाही अधिक विषारी ठरतो, तेव्हा उन्हाळ्यात बदल चुकवू नये.

आठवड्याचे काम

फिल्टर नीट बसल्यावर आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी बदलणे पुरते. २४० लिटरच्या टाकीत ६० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या चार बादल्या. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी पाऊण तासात उरकते.

प्रथम फिल्टर, हीटर आणि दिवा यांची बटणे बंद करावीत. हीटर पाण्याबाहेर उघडा पडून चालू राहिला तर त्याची काच तडकते, आणि पाण्यात हात घालताना कोणतेही उपकरण चालू नसणेच शहाणपणाचे. कासवाला वेगळ्या टबमध्ये ठेवावे. मग काचेच्या आतल्या बाजूचे शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने किंवा फक्त याच कामासाठी ठेवलेल्या स्पंजाने खरवडावे आणि दहा मिनिटे थांबावे. या थांबण्याला महत्त्व आहे: उडालेला गाळ खाली बसतो आणि फिल्टरच्या प्रवाहाने बहुधा एकाच कोपऱ्यात जमलेला दिसतो.

आता सायफन. दीड-दोन मीटर लांबीची, बोटाएवढ्या जाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची नळी घ्यावी. ती संपूर्ण पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे बाहेर पडू द्यावेत, एक टोक अंगठ्याने घट्ट दाबून ते टाकीबाहेर, पाण्याच्या पातळीच्या बरेच खाली ठेवलेल्या बादलीत न्यावे आणि अंगठा सोडावा. तोंडाने ओढून सायफन सुरू करण्याची सवय मात्र कासवाच्या टाकीपुरती कायमची सोडावी. कारण पुढे येईल. दुसरे टोक गाळावर अर्धा बोट उंचीवर धरून हळूहळू फिरवले की विष्ठेच्या काड्या, खवल्यांचे पापुद्रे आणि कुजलेली पाने एकामागून एक नळीत शिरताना दिसतात. टोक तळाला टेकवले तर गाळ उडतो, फार वर धरले तर नुसतेच पाणी जाते. दोनतीन वेळा केले की हाताला अंदाज येतो. एका बादलीत फक्त पाणीच असेल, गाळ नसेल, अशी ती वेगळी काढून ठेवावी. ती पुढच्या कामाची आहे.

फिल्टरचा स्पंज याच काढून ठेवलेल्या टाकीच्या पाण्यात पिळायचा. स्पंज बादलीत बुडवून दोन्ही तळव्यांत हलकेच दाबला की तपकिरी ढग सुटतो, आणि चौथ्या-पाचव्या दाबाला पाणी कोऱ्या चहासारखे दिसू लागते. तिथे थांबावे. स्पंज नव्यासारखा पिवळाधमक झालाच पाहिजे असा हट्ट धरू नये. त्याच्यावर राहिलेला तो बुळबुळीत तपकिरी थर म्हणजेच आपली जिवाणूंची वसाहत. प्रवाह मंदावला असेल तेव्हाच स्पंज धुवावा, दोन स्पंज असतील तर एका आठवड्यात एक आणि दुसऱ्या आठवड्यात दुसरा. चिनीमातीच्या नळ्या दोनतीन महिन्यांतून एकदा, याच पाण्यात, नुसत्या खळबळून घ्याव्यात.

हे मी शिकलो ते एका दिवाळीला. घराची साफसफाई चाललीच होती, तेव्हा टाकीही लख्ख करू, अशा उत्साहात मी स्पंज आणि नळ्या नळाखाली धुतल्या, गोटे साबणाच्या पावडरीने घासले आणि सगळे गच्चीवर कडक उन्हात वाळवले. धनत्रयोदशीला पाणी काचेसारखे होते. भाऊबिजेला भाऊ घरी आला तेव्हा ते ताकासारखे पांढरे झाले होते आणि अमोनियाच्या चाचणीत हिरवागार रंग आला, म्हणजे अमोनिया बराच वाढला होता. पुन्हा घडी बसायला जवळजवळ महिना गेला, आणि त्या काळात एक दिवसाआड थोडे थोडे पाणी बदलत राहावे लागले. टाकीतल्या कोणत्याही वस्तूला साबण लावू नये, आणि एकाच दिवशी पाणी, फिल्टर, काच, गोटे असे सगळे धुऊ नये.

नवे पाणी हळूहळू, शक्यतो मगाने ओतावे, टाकी भरल्यावर फिल्टर सुरू करून त्यातली हवा निघाल्याची खात्री करावी आणि विजेच्या वायरी प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ खाऊन वर गेलेल्या असाव्यात, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळातूनच खाली पडते.

खाऊ: निम्मे काम इथेच वाचते

टाकीतल्या घाणीचे मूळ आपल्या हातात असते आणि ते म्हणजे खाण्याचा डबा. कासव काच खरवडून, मान उंचावून मागते. ते भुकेचे लक्षण नसून सवयीचे असते. लहान कासवाला रोज आणि वाढलेल्याला एक दिवसाआड, त्याच्या डोक्याच्या आकारात मावतील इतक्याच पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या) द्याव्यात. वाळवलेले झिंगे कासवाला फार आवडतात, पण ते तेलकट असतात, पाण्यावर तवंग धरतात आणि पोषणही एकांगी असते; ते सणासुदीपुरते ठेवावेत. वाढत्या वयात पालेभाजीचा वाटा वाढवावा: लेट्यूस, किसलेले गाजर, भोपळ्याचा तुकडा. पालक टाळावा, कारण त्यातल्या ऑक्झॅलिक आम्लामुळे कॅल्शियम अंगी लागत नाही.

आमच्या आजीला ‘घरात कोणी उपाशी राहता कामा नये’ या तत्त्वापलीकडे काही मान्य नव्हते, त्यामुळे ती गुपचूप टाकीत वरणभाताचे घास सोडत असे. कासव त्यातले एखादे शीत खाई आणि उरलेला भात फुगून, फुटून तासाभरात सगळे पाणी दुधाळ करी. पोळी, भात, पनीर, फरसाण यांतले काहीही टाकीत पडू नये, आणि हे घरातल्या प्रत्येकाला, लहानांपेक्षा मोठ्यांना अधिक, समजावून सांगावे.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे जेवणाचा वेगळा टब. टाकीतलेच आठ-दहा लिटर पाणी टबमध्ये घ्यावे, म्हणजे तापमान तेच राहते. त्यात कासवाला सोडून खाऊ द्यावा आणि खाणे संपल्यावरही अर्धा तास तिथेच राहू द्यावे, कारण बहुतेक कासवे खाल्ल्यानंतर थोड्याच वेळात विष्ठा टाकतात. मग कासवाला साध्या पाण्याने विसळून टाकीत परत सोडावे आणि टबचे पाणी ओतून द्यावे. याने अन्नाचे कण आणि विष्ठेचा मोठा भाग टाकीत जातच नाही, आणि टाकीतून जेवढे पाणी काढले तेवढे शिळे पाणी भरल्यामुळे आठवडाभरात आपोआप थोडा बदलही होतो. काही कासवे उचलल्यावर बिथरतात आणि टबमध्ये खातच नाहीत. अशांना टाकीतच खाऊ द्यावा आणि पंधरा मिनिटांनी उरलेले जाळीने काढून घ्यावे.

पाण्याचा रंग आणि चाचणी

पाणी ताकासारखे पांढरट झाले तर तो तरंगत्या जिवाणूंचा भर असतो. टाकी नवी असल्याचे, फिल्टर धुतला गेल्याचे किंवा अति खाऊ पडल्याचे ते लक्षण. अशा वेळी टाकी रिकामी करण्याचा मोह टाळून खाणे निम्मे करावे, एक दिवसाआड पाचवा हिस्सा पाणी बदलावे आणि वाट पाहावी. हिरवे पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. उजेड दिवसाला आठ-दहा तासांवर आणावा आणि नायट्रेट कमी करावे. चहासारखा पारदर्शक रंग बहुधा लाकडाच्या ओंडक्यातून उतरतो आणि तो निरुपद्रवी असतो. वरचा तेलकट तवंग वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद पसरून उचलला की निघतो, पण तो पुन्हा येऊ नये म्हणून फिल्टरचे बाहेर पडणारे पाणी पृष्ठभाग हलवेल असे वळवावे.

रंगहीन गोष्टींसाठी चाचणीचा संच घ्यावा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचा अधिक विश्वासार्ह असतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या खाली, हे लक्ष्य ठेवावे. नव्या टाकीत दर दोन दिवसांनी, बसलेल्या टाकीत महिन्यातून एकदा तपासावे. नायट्रेट कमी राखायला मनीप्लांटची मोठी मदत होते. त्याची फांदी फिल्टरच्या डब्यात किंवा टाकीच्या मागच्या कडेला अशी लावावी की मुळे पाण्यात राहतील पण कासवाला पोचणार नाहीत. मनीप्लांट खाण्यात गेला तर तोंडाला आणि घशाला दाह होतो. टाकीत मोकळ्या सोडलेल्या पाणवनस्पतींचा हे कासव एका रात्रीत फडशा पाडते, त्यावर पैसे घालू नयेत.

वीज गेली तर

तासाभराच्या खंडाने काही बिघडत नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या इमारतीत दीड दिवस वीज नव्हती, आणि बंद कॅनिस्टरमधल्या जिवाणूंना इतका वेळ प्राणवायू मिळत नाही. ते मरतात, सडतात, आणि वीज आल्यावर पंप सुरू केला की तो कुजका अर्क थेट टाकीत येतो. म्हणून वीज चार-पाच तासांहून जास्त काळ गेली तर फिल्टरचे झाकण उघडून स्पंज आणि नळ्या टाकीतल्याच पाण्यात, पृष्ठभागाजवळ ठेवाव्यात, आणि फिल्टर पुन्हा सुरू करण्यापूर्वी डब्यातले साचलेले पाणी ओतून द्यावे. त्या काळात कासवाला खाऊ देऊ नये. निरोगी, वाढलेल्या कासवाला दोन दिवसांचा उपवास सहज सोसतो.

हात, मोरी आणि सांडपाणी

कासवाच्या आतड्यांत साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात, आणि कासव स्वतः ठणठणीत असते. माणसाला मात्र त्यांच्यामुळे ताप आणि जुलाब होतात, लहान मुलांना अधिक तीव्र. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी आहे ती याच कारणाने. तोंडाने सायफन ओढू नये, टाकीचे साहित्य स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये, टाकीच्या बादल्या आणि मग वेगळे ठेवून त्यांवर खूण करावी, आणि काम झाल्यावर कोपरापर्यंत हात साबणाने धुवावेत. पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हाताळू देऊ नये.

कासव नकोसे झाले तरी ते सूरसागर तळ्यात किंवा विश्वामित्रीत सोडू नये. ही जात देशी कासवांची जागा आणि अन्न बळकावते. सांभाळणारे दुसरे घर शोधावे.

काढलेले पाणी झाडांना उत्तम खत आहे. आमच्या गच्चीवरचा मोगरा आणि जास्वंद त्यावरच पोसली आहेत. ज्यांची पाने आपण कच्ची खातो त्या कोथिंबीर-पुदिन्याला आणि तुळशीला मात्र ते घालू नये. तुळशीच्या बाबतीत आजीची हरकत वेगळ्या कारणाने होती, पण निष्कर्ष एकच निघाला. गाळाची शेवटची बादली मोगऱ्याच्या बुंध्यापासून वीतभर लांब, माती थोडी उकरून ओतावी, म्हणजे वास येत नाही आणि माश्याही बसत नाहीत.